उष्टी कोणी काढायची? फंक्शनच्या बोलावण्याचा सात दशकांचा इतिहास

१/२२
विंडोजसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या संगणकात मायक्रोसॉफ्टची एक हेडर फाइल असते. तिच्यात 'पास्कल' हा शब्द आजही सापडतो. १९८५ मध्ये त्या शब्दाला एक अर्थ होता. १९९३ मध्ये त्याला दुसरा अर्थ मिळाला. आजच्या ६४ बिटांच्या यंत्रावर कंपायलर तो शब्द वाचतो आणि निमूटपणे सोडून देतो. अर्थ बदलला, मग नाहीसा झाला, तरी शब्द जागचा हलला नाही. हे असे का झाले याचे उत्तर एका जुन्या प्रश्नात आहे: एका फंक्शनने दुसऱ्या फंक्शनला बोलवायचे कसे?

२/२२
कोणताही प्रोग्राम ही एकमेकांना बोलावणाऱ्या फंक्शनांची वस्ती असते. प्रत्येक बोलावण्यात चार गोष्टी आधी ठरलेल्या असाव्या लागतात. सोबत द्यायच्या किमती, म्हणजे आर्ग्युमेंट, कुठे ठेवायच्या? काम संपल्यावर परतायचे कुठे? प्रोसेसरच्या आतल्या मोजक्या वेगवान खणांपैकी, म्हणजे रजिस्टरांपैकी, कोणते जसेच्या तसे परत मिळाले पाहिजेत? आणि शेवटी, मांडलेला पसारा आवरायचा कोणी? या चार उत्तरांच्या संचाला कॉलिंग कन्व्हेन्शन म्हणतात.

३/२२
पंगतीचे उदाहरण घेता येईल. जेवण झाल्यावर आपापले ताट प्रत्येकाने उचलावे, असा रिवाज एका घरी असतो. दुसऱ्या घरी उष्टी काढण्याचे काम यजमानांचे असते. दोन्ही रिवाज चालतात. घोटाळा होतो तो एकाच पंगतीत दोन रिवाजांची माणसे एकत्र आली की. मग एकतर ताटे तशीच पडून राहतात, किंवा एकाच ताटाला दोघे हात घालतात. संगणकात हा घोटाळा झाला की प्रोग्राम कोसळतो, कारण कोणता रिवाज पाळला जात आहे हे प्रोसेसर तपासून पाहत नाही.

४/२२
या इतिहासाचा आरंभ केंब्रिज विद्यापीठात होतो. ६ मे १९४९ रोजी तेथील एड्सॅक या संगणकाने पहिला प्रोग्राम चालवला. पाऱ्याने भरलेल्या नळ्यांतून फिरणाऱ्या ध्वनिलहरी हीच त्याची स्मृती. एकदा लिहिलेले सबरूटीन अनेकांना वापरता यावे, अशी मॉरिस विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांची इच्छा होती. अडचण अशी की 'कुठून आलो ते लक्षात ठेव' असे सांगणारी आज्ञाच या यंत्राला नव्हती. दुसरीकडे उडी मारता येई. परतीची वाट मात्र कोणी टिपून ठेवत नसे.

५/२२
डेव्हिड व्हीलर यांनी काढलेली युक्ती 'व्हीलर जंप' या नावाने ओळखली जाते. उडी मारण्याच्या आधी एक आज्ञा ठेवायची, जी स्वतःलाच उचलून अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये ठेवते. त्या आज्ञेत तिचा स्वतःचा पत्ता लिहिलेला असतो. सबरूटीन त्या आज्ञेत एक ठरावीक संख्या मिळवते. बेरजेतून 'दोन घरे पुढे उडी मार' अशी नवी आज्ञा तयार होते. सबरूटीन ती आज्ञा आपल्याच शेवटी चिकटवते आणि कामाला लागते. परतीची वाट अशी दर खेपेस नव्याने घडवली जाई.

६/२२
या युक्तीला एक मर्यादा होती. परतीची आज्ञा सबरूटीनच्या पोटात एकाच जागी लिहिली जाते. त्यामुळे सबरूटीनने मध्येच स्वतःला पुन्हा बोलावले, तर नवी आज्ञा जुनीवर लिहिली जाते आणि पहिल्या घरी परतण्याची वाट पुसली जाते. त्या काळी हे कोणाला फारसे खटकले नाही, कारण स्वतःला बोलावणारी सबरूटीने कोणी लिहीतच नव्हते. यंत्रात जी सोय नाही, तिच्याभोवतीच पहिला संकेत उभा राहिला. पुढच्या प्रत्येक संकेताच्या मुळाशी असाच त्या त्या काळाचा एखादा अभाव आढळतो.

७/२२
७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० ही संगणकमाला जाहीर केली. लहान यंत्रावरचा प्रोग्राम मोठ्या यंत्रावरही चालावा, हे तिचे वचन होते. रजिस्टरे १६ होती, पण स्टॅक, म्हणजे ताटांच्या चळतीसारखी वर रचत आणि वरूनच उचलत जाण्याची स्मृती, हार्डवेअरमध्ये नव्हती. मग संकेताने काम वाटून दिले: आर्ग्युमेंटांच्या यादीचा पत्ता रजिस्टर १ मध्ये, परतीचा पत्ता १४ मध्ये, बोलावलेल्याचा पत्ता १५ मध्ये. रजिस्टर १३ मध्ये ७२ बाइटांच्या एका मोकळ्या जागेचा पत्ता.

८/२२
ही ७२ बाइटांची जागा म्हणजे 'सेव्ह एरिया'. जागा द्यायची बोलावणाऱ्याने आणि तिच्यात रजिस्टरे जपून ठेवायची बोलावलेल्याने, अशी ही विभागणी होती. प्रत्येक सेव्ह एरियात आधीच्या सेव्ह एरियाचा पत्ता असे. प्रोग्राम बिघडला की तंत्रज्ञ स्मृतीचा छापील उतारा घेऊन कोणी कोणाला बोलावले होते ही साखळी कडी-कडीने मागे शोधत जात. तेव्हापासून साठ वर्षे उलटली. आयबीएमच्या आजच्या मेनफ्रेमवर काम करणाऱ्याला ७२ बाइटांची ही चौकट अजूनही ओळखावी लागते.

९/२२
युरोपात दरम्यान वेगळाच विचार चालला होता. १९६० च्या अल्गोल भाषेने फंक्शनला स्वतःला बोलावण्याची मुभा दिली. त्याच वर्षी अ‍ॅम्स्टरडॅममध्ये एड्सगर डाइक्स्ट्रा आणि याप झोनेफेल्ड यांनी या भाषेचा कंपायलर तयार केला. परतीचे पत्ते आणि स्थानिक किमती चळतीत रचल्या की फंक्शनने स्वतःला कितीही वेळा बोलावले तरी प्रत्येक खेपेचे ताट वेगळे राहते. व्हीलर जंपची मर्यादा अशी ओलांडली गेली. पण चळत आल्यावर चौथा प्रश्न ऐरणीवर आला: तिच्यातली उष्टी ताटे उचलायची कोणी?

१०/२२
या प्रश्नाची दोन प्रसिद्ध उत्तरे दोन भाषांच्या नावांनी ओळखली जातात. पास्कल पद्धतीत आर्ग्युमेंटे डावीकडून उजवीकडे रचायची आणि परतताना बोलावलेल्याने ती काढून टाकायची. सी पद्धतीत ती उजवीकडून डावीकडे रचायची आणि बोलावणाऱ्याने परत आल्यावर काढायची. वरवर पाहता हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. वास्तविक सी पद्धतीमागे एका विशिष्ट फंक्शनची गरज उभी होती, आणि ते फंक्शन म्हणजे 'प्रिंटएफ'.

११/२२
डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये घडवलेल्या सी भाषेत प्रिंटएफला कितीही आर्ग्युमेंटे देता येतात. पहिले आर्ग्युमेंट म्हणजे मजकुराचा साचा. पुढे काय काय दिले आहे हे तो साचा वाचूनच कळते. आर्ग्युमेंटे उजवीकडून रचली की पहिले सर्वांत शेवटी पडते आणि चळतीच्या टोकापाशी, नेहमी एकाच ठिकाणी सापडते. एकूण ताटे किती, हे मात्र ज्याने मांडली त्यालाच नक्की ठाऊक असते. शिवाय जुन्या सीमध्ये फंक्शनची आर्ग्युमेंटे किती, हे कंपायलरला आधी सांगण्याची सक्ती नव्हती. म्हणून आवरण्याचे काम बोलावणाऱ्याकडे गेले.

१२/२२
ही सारी उठाठेव यंत्रानेच का करू नये, असाही प्रयत्न झाला. डीईसीच्या १९७७ च्या व्हॅक्स-११/७८० मध्ये 'कॉल्स' नावाची आज्ञा होती. आर्ग्युमेंटांची संख्या नोंदवणे, रजिस्टरे जपणे, परतीचा पत्ता ठेवणे ही सगळी कामे ती एका दमात करी, आणि परतीची आज्ञा ती संख्या पाहून चळत आवरी. प्रिंटएफचीही सोय झाली आणि आवराआवरही आपोआप होऊ लागली. दोन्ही रिवाजांचे गुण एकत्र आले होते. त्याची किंमत वेळेच्या रूपाने मोजावी लागली.

१३/२२
बेल लॅब्जमधले स्टीव्ह जॉन्सन यांनी पुढे याची गमतीदार आठवण सांगितली. सीमध्ये फंक्शन बोलावणे अगदी स्वस्त आहे, असे रिची सर्वांना सांगत. त्या भरवशावर सगळे लहान लहान फंक्शने लिहू लागले. बऱ्याच वर्षांनी मोजले तेव्हा कळले की व्हॅक्सवर प्रोग्रामचा निम्मा वेळ अनेकदा त्या एका आज्ञेतच जात होता. तोवर सुटसुटीत लिहिण्याची सवय सर्वांच्या अंगवळणी पडली होती. १९८१ मध्ये जॉन्सन आणि रिची यांनी सीच्या बोलावण्याच्या पद्धतीवर स्वतंत्र अहवालच लिहिला.

१४/२२
त्याच दशकात घरगुती संगणकांना वेगळीच चणचण भासत होती. १९८४ च्या पहिल्या मॅकिन्टॉशमध्ये स्मृती १२८ किलोबाइट होती. नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेल्या विंडोज १.० ला किमान २५६ किलोबाइट लागत. दोघांनीही आपल्या फंक्शनांसाठी पास्कल पद्धत निवडली. इंटेलच्या १६ बिटी प्रोसेसरवर याचा हिशेब बोटांवर करता येतो. परत आल्यावर चळत आवरणारी आज्ञा सामान्यतः ३ बाइटांची असते. परतता परताच आवरणारी आज्ञा साध्या परतीच्या आज्ञेपेक्षा २ बाइटांनी मोठी असते.

१५/२२
एक फंक्शन १०० ठिकाणांहून बोलावले जाते असे धरले, तर सी पद्धतीत आवरण्यासाठी ३०० बाइट खर्च होतात. पास्कल पद्धतीत हे काम फंक्शनच्या शेवटी एकदाच लिहिले जाते. जादा खर्च फक्त २ बाइट. विंडोजमध्ये अशी शेकडो फंक्शने होती आणि प्रत्येक प्रोग्राम ती वारंवार बोलावी. स्मृती किलोबाइटांनी मोजण्याच्या काळात ही बचत नाकारणे शक्य नव्हते. विंडोजच्या हेडर फाइलमध्ये 'पास्कल' हा शब्द आला तो या हिशेबातून.

१६/२२
जुलै १९९३ मध्ये विंडोज एनटी आले आणि ३२ बिटांच्या प्रोग्रामांसाठी 'स्टँडर्ड कॉल' हा तडजोडीचा रिवाज रूढ झाला. त्यात रचण्याची दिशा सीची आणि आवरण्याची रीत पास्कलची. वेगवेगळ्या कंपन्यांचे कोड आता सर्रास एकत्र येत होते, म्हणून आणखी एक खबरदारी घेतली गेली. आर्ग्युमेंटे एकूण १२ बाइटांची असतील तर फंक्शनच्या नावाला शेपटासारखा १२ चा आकडा जोडला जाई. आकडे जुळले नाहीत तर लिंकर प्रोग्राम जोडायलाच नकार देई. धावत्या प्रोग्राममधला घोटाळा असा उंबरठ्यावरच अडवला गेला.

१७/२२
तो घोटाळा किती महागात पडे, हे समजून घेण्यासारखे आहे. दोघांनीही १२ बाइट आवरले तर चळतीचे टोक १२ बाइट पुढे सरकते. मग पुढे कधीतरी परतीचा पत्ता म्हणून भलतीच संख्या उचलली जाऊ शकते आणि प्रोसेसर भलत्याच ठिकाणी जाऊन पोहोचतो. चूक एकीकडे आणि पडझड दुसरीकडे, त्यामुळे कारण शोधणे कठीण. विंडोजमध्ये प्रिंटएफसारखेच काम करणारे एक फंक्शन होते. त्याच्या आर्ग्युमेंटांची संख्या निश्चित नसल्याने त्याला सर्वांहून वेगळी, सीची पद्धत द्यावी लागली.

१८/२२
यानंतर दुर्मीळतेचे ठिकाण बदलले. प्रोसेसर स्मृतीपेक्षा फार वेगवान झाले; चळतीत लिहिणे आणि वाचणे हाच विलंब ठरू लागला. आर्ग्युमेंटे रजिस्टरांतूनच द्यावीत, हा विचार बळावला. बर्कलेच्या संशोधनातून आलेल्या स्पार्क प्रोसेसरने रजिस्टरांच्या सरकत्या खिडक्या आणल्या: बोलावणाऱ्याचे बाहेरचे ८ खण हेच बोलावलेल्याचे आतले ८ खण होत. स्टॅनफर्डमधून आलेल्या मिप्सने यंत्र साधे ठेवले आणि पहिली ४ आर्ग्युमेंटे रजिस्टरांत देण्याची शिस्त कंपायलरवर सोपवली. पुढच्या काळात बहुतेकांनी हीच दुसरी वाट धरली.

१९/२२
एएमडीने इंटेलच्या जुन्या घराण्याला ६४ बिटांचे रूप दिले तेव्हा सामान्य रजिस्टरे ८ वरून १६ झाली. जुन्या प्रोग्रामांचे ओझे नसलेली कोरी पाटी हाती आली होती. युनिक्स-लिनक्सच्या बाजूला २००० च्या सुमारास सुसेमधील यान ह्युबिच्का यांनी निरनिराळ्या वाटण्या कंपायलरमध्ये घालून तयार होणारा कोड मोजला. तिथे ६ रजिस्टरांचा संकेत ठरला. त्यातली पहिली दोन नीट पाहावीत: स्मृतीची नक्कल करणाऱ्या 'मेमकॉपी' फंक्शनला पहिले गंतव्य, दुसरे मूळ स्थान लागते, आणि प्रोसेसरची नक्कल करणारी आज्ञा हे पत्ते नेमक्या त्याच दोन रजिस्टरांत शोधते.

२०/२२
मायक्रोसॉफ्टने त्याच प्रोसेसरसाठी ४ रजिस्टरे निवडली, आणि त्या चारींसाठी चळतीत ३२ बाइटांची रिकामी जागा बोलावणाऱ्याने राखावी असा नियम केला. मिप्सच्या ३२ बिटी संकेतातही अशीच जागा राखत. यात थोडी स्मृती वाया जाते. त्या बदल्यात प्रिंटएफसारख्या फंक्शनला चारही रजिस्टरे तिथे उतरवली की सगळी आर्ग्युमेंटे एका रांगेत मिळतात. लिनक्सला तेच काम साधायला बरीच अधिक यातायात करावी लागते. एकाने नेहमीच्या बोलावण्याचा वेग पाहिला, दुसऱ्याने नियमाचा साधेपणा. आवरण्याचा वाद मात्र मिटला: दोन्हीकडे उष्टी बोलावणाऱ्यानेच काढायची. म्हणूनच 'पास्कल' हा शब्द तिथे निरर्थक उरला.

२१/२२
झालेली निवड नंतर बदलता येते का? गो भाषेने याचे उत्तर दिले. २००९ मध्ये जाहीर झालेली ही भाषा सर्व आर्ग्युमेंटे चळतीतून देई. ऑगस्ट २०२१ च्या १.१७ आवृत्तीत ६४ बिटी इंटेल-एएमडी यंत्रांवर तिने रजिस्टरांचा संकेत स्वीकारला. वेग सुमारे ५ टक्के वाढला आणि प्रोग्रामचा आकार साधारण २ टक्के घटला. गोचे प्रोग्राम मूळ मजकुरापासून पुन्हा कंपाइल होतात, म्हणून हे जमले. पण हाताने लिहिलेल्या असेंब्ली कोडसाठी जुना संकेतही राखावा लागला. तो कोड इतरांनी लिहिलेला होता, आणि त्यांना दिलेला शब्द मोडता येत नव्हता.

२२/२२
एड्सॅकला परतीची आज्ञा नव्हती, सिस्टिम/३६० ला चळत नव्हती, विंडोज १.० ला स्मृती पुरत नव्हती, आजच्या प्रोसेसरला स्मृतीची वाट पाहणे परवडत नाही. प्रत्येक संकेत आपल्या काळची चणचण पाहून ठरला आणि त्या काळापुरता तो शहाणपणाचाच होता. चणचण संपते, संकेत मागे उरतो, कारण तोवर एकमेकांना न ओळखणाऱ्या हजारो लोकांनी त्यावर विसंबून आपला कोड लिहिलेला असतो. संकेत निवडताना यंत्राकडे पाहावे लागते. तो बदलायचा झाला तर या सगळ्या माणसांकडे पाहावे लागते, आणि ती कोण, कुठे आहेत याची यादी कोणापाशीच नसते.